जरा

दारव्हा रस्त्यावरची बंद जिनिंग.
मे महिना. रात्रीचे आठ वाजले तरी
टिनाला हात लावता येत नाही.
नागपूरहून बँड आलाय, टेम्पो भरून.
ड्रमवाली पोरगी बाहीनं घाम पुसते,
विचारते, स्लाइड कोण चालवणार?
पाळकसाहेब माझ्याकडे बोट दाखवतात:
हा आमचा योएल. आयटीआय झालाय.
वायरमन ट्रेडचा स्लाइडशी काय संबंध,
पण मंडळीत लॅपटॉपला न भिणारा मी एकटाच.

शब्द मीच टाइप केले, दुपारी,
कूलरसमोर, लाइन येईल तसे.
पडदा म्हणजे एस्तेरबाईंची पांढरी चादर,
मधोमध इस्त्रीचा जुना डाग.
प्रत्येक ओळीतला एखादा शब्द
त्या डागावरून जातो आणि थोडा करपतो.

तीनशे पोट्टे. दिग्रसचे, आर्णीचे, नेरचे.
खुर्च्या दीडशे, म्हणून सगळेच उभे.
शेजारच्या वस्तीतले काही
नुसते गिटार बघायला आलेत,
कुंपणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेत.
त्यांना कोणी उतरा म्हणत नाही.

मग बेसचा पहिला ठोका पडला
आणि छताच्या कैच्यांतून
कोण्या जुन्या हंगामाची रुई
खाली उतरायला लागली.

नाताळात आम्ही हीच गव्हाणीवर चिकटवतो,
बर्फ म्हणून.
बर्फ इथं कोणी पाहिलेला नाही.
आता तो मे महिन्यात पडत होता,
झांजांवर, केसांत, वर केलेल्या तळव्यांवर,
आणि पोट्टे गात होते, शिंकत होते,
हसता हसता पुन्हा गात होते.

मी हात वर करत नाही.
माझा उजवा हात बाणाच्या बटणावर असतो,
कारण बरं आहे.
यवतमाळच्या दवाखान्यात,
डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर
देवाशी जे बोलायचं ते मी बोलून टाकलं.
आई गेली.
त्यानंतर मी फक्त पुढची ओळ दाखवतो.

तिसऱ्या गाण्यात चूक निघाली.
'वाहू दे माझ्यातून झरा' असं हवं होतं.
चादरीवर उमटलं:
वाहू दे माझ्यातून जरा.

गाणारा अनुग्रह डोळे मिटून झराच म्हणत होता.
पण पोट्टे चादर वाचतात.
तीनशे गळे, एकदम:
जरा.

बोट बॅकस्पेसवर गेलं.
एका अक्षराचं काम. ओळ परत येणार होती,
मध्ये गिटारचा लांबलचक तुकडा होता,
वेळ होता.

झरा आमच्याकडे कोणाच्या ओळखीचा?
मेमध्ये अडाण नदीत वाळू असते.
जरा मात्र सगळे रोज म्हणतात.
टँकरपाशी, गुंड पुढं सरकवत:
आम्हालेही घेऊ द्या ना जी, जरा.
तसेच म्हणत होते हे,
मान मागं टाकून, नरड्याच्या शिरा फुगवून,
भरभरून मागायची सवय नसलेले.

बोट काढलं मी.
ओळ आठ वेळा आली,
आठही वेळा तशीच जाऊ दिली.
पाचव्या-सहाव्यांदा कधीतरी माझेही ओठ हलले,
किंवा रुई गेली असेल तोंडात.

साडेदहाला पोलिसांची गाडी येऊन गेली,
मग नुसत्या वायरी गुंडाळणं.
एस्तेरबाईंनी कानातले बोळे काढले;
तेही इथलेच, खाली पडलेले उचलून घातलेले.
'बुढापनाचं गानं बरं होतं रे बाप्पा,' म्हणाल्या.
'जरा म्हंजे म्हातारपनच न?
आमच्यासाठी कोनी गात नाही.'

मी हाव म्हटलं.
मग म्हणाल्या, चादर दे माझी, अंथरायला तीच आहे.
चादर उंच बांधली होती.
गाठी सोडायला
दोन्ही हात वर करावे लागले.